खरे-खोटे कोराडीलाही कळते

लोकांना बातमीतले खरे-खोटे कळत नाही, हे वाक्य आता इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याला पुरावा मागावा असे कोणाला वाटत नाही. चर्चासत्रात ते ऐकू येते, अग्रलेखात वाचायला मिळते, घरच्या गप्पांत तर हमखास येते. बोलणारा स्वतःला त्या ‘लोकां’मध्ये कधी धरत नाही. त्याच्या मते फसणारा माणूस कुठेतरी खेड्यात, पानठेल्यावर, स्वस्त मोबाइल घेऊन बसलेला असतो. मग उपायही दोनच उरतात. एक तर त्याला कोणीतरी शहाणे करावे, नाही तर त्याच्यापर्यंत काय पोहोचू द्यायचे हे कोणीतरी वर बसून ठरवावे.

हे मत मला चुकीचे वाटते, आणि घातकही वाटते. चुकीचे यासाठी की माणसे बातमी कशी पारखतात हे न पाहताच ते मांडलेले आहे. घातक यासाठी की ज्यांनी वेळेवर खरी माहिती द्यायची त्यांची जबाबदारी ते वाचकाच्या माथी मारते. हे मी कोराडीच्या आधाराने सांगणार आहे, कारण बातमी आणि डोळ्यांसमोरची वस्तुस्थिती यांचा रोजचा सामना या गावाइतका फार थोड्या ठिकाणी होतो.

नागपूरहून छिंदवाडा मार्गाने उत्तरेला निघाले की पंधराएक किलोमीटरवर कोराडीच्या चिमण्या दिसू लागतात. १९७४ पासून इथे वीज तयार होते आहे. आज महानिर्मितीचे ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच इथे चालतात आणि शेजारच्या खापरखेड्यात आणखी १,३४० मेगावॉट क्षमतेचे केंद्र आहे. आपल्या वीज केंद्रांत जाळल्या जाणाऱ्या कोळशात राखेचे प्रमाण साधारण तीस ते पंचेचाळीस टक्के असते. म्हणजे शंभर टन कोळसा जाळला की तीस-चाळीस टन राखड उरते. काही सिमेंटला जाते, काही विटांना, काही पाण्यात कालवून नळांवाटे बंधाऱ्यात सोडली जाते, आणि काही हवेत जाते.

आता समजा, परिसरातली हवा ठरवून दिलेल्या मर्यादेत आहे अशी बातमी छापून आली. कोराडी, महादुला, सुरादेवी या भागातला माणूस ती कशी तपासतो? तो तुळशीच्या पानावरून बोट फिरवतो. दोरीवरचे धुतलेले कपडे पाहतो. गच्चीवरचे वाळवण झटकतो. मग तो विचारतो, ही बातमी दिली कोणी? त्याचा यात फायदा काय? मागच्या वेळी त्याने सांगितलेले खरे निघाले होते का? या तिन्ही प्रश्नांना कोणत्याही न्यायालयात मान आहे. साक्षीदार कोण, त्याचा हितसंबंध काय आणि त्याची आधीची विश्वासार्हता किती, हेच तर वकीलही उलटतपासणीत काढतो. हे प्रश्न विचारणाऱ्या माणसाला खरे-खोटे कळत नाही असे म्हणायचे कसे?

शेजारच्याच पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावच्या लोकांनी राखतळ्याबद्दल तक्रारी केल्या, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तिथे राख टाकणे थांबवण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी जुलैच्या पावसात कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटला. राखेचा चिखल शेतांत आणि नाल्यांत पसरला. ज्याच्या उभ्या पिकात तो शिरला त्याला ही बातमी खरी की खोटी हे कोणाला विचारावे लागले नाही. गावकरी सांगत होते ते अतिरंजित आहे असे मानणाऱ्यांना मात्र बंधारा फुटेपर्यंत थांबावे लागले.

इथे माझ्या बाजूची एक अडचण मीच मांडतो, कारण ती टाळली तर हा प्रतिवाद अर्धवट राहील. डोळ्यांनी केलेली पारख पुरी पडत नाही. तुळशीवर बसते ती राख जाडसर असते. फुप्फुसात खोलवर जाणारे सूक्ष्म धूलिकण, म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक असलेले, डोळ्यांना दिसत नाहीत. गंधकाचा डायऑक्साइड वायू कपड्यांवर डाग पाडून जात नाही. म्हणजे पान स्वच्छ दिसले म्हणून हवा चांगली असे होत नाही. उलट बाजूने पाहिले तर ‘हवा मर्यादेत आहे’ हे विधान आणि ‘रात्री राख पडली’ हे विधान दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार सूक्ष्म धूलिकणांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, पण ती चोवीस तासांची सरासरी आहे. पहाटेचे तीन तास वाईट गेले आणि उरलेले एकवीस बरे गेले, तर सरासरी सांभाळली जाते. शिवाय चिमणीच्या तोंडाशी मोजलेला आकडा वेगळा आणि गावातल्या चौकात मोजलेला वेगळा. मोजण्याचे यंत्र वाऱ्याच्या कोणत्या बाजूला ठेवले आहे, यावरही बरेच ठरते.

मग प्रश्न असा की हा सगळा तपशील गावकऱ्याला कोण देते? तासातासाचे आकडे, यंत्राची जागा, सरासरी काढण्याची रीत हे सगळे त्याच्या भाषेत त्याच्या गावात लावलेले असते, तर त्याने ते तुळशीच्या पानाशी ताडून पाहिले असते. ते न देता ‘सर्व काही मर्यादेत’ एवढेच छापायचे, आणि त्याने विश्वास ठेवला नाही की त्याला अडाणी म्हणायचे, हा अन्याय आहे.

२९ मे २०२३ रोजी कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. विरोध करणारे होते, पाठिंबा देणारे होते, पोलीस बंदोबस्तही होता. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे अशा सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा गोषवारा स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. गोषवारा फक्त. शेकडो पानांचा मूळ अहवाल मराठीत देण्याचे बंधन या अधिसूचनेत नाही. ज्याच्या विहिरीविषयी, शेताविषयी आणि लेकराच्या दम्याविषयी तो अहवाल बोलतो त्याने गोषवाऱ्यावर भागवायचे, आणि विरोध करणाऱ्याने पुरावा मात्र मूळ अहवालातला द्यायचा. या व्यवस्थेत माणूस कोणावर विश्वास ठेवेल? जो माहीतगार म्हणून त्याच्या भाषेत येऊन बोलेल त्याच्यावर. तो बोलणारा खरा असेल किंवा खोटा असेल, गावकऱ्याला पडताळायचे साधनच दिलेले नसते. २०२० मध्ये नव्या अधिसूचनेच्या मसुद्याच्या वेळी हाच मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता आणि न्यायालयाने तो मसुदा आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत देण्यास सांगितले होते. भाषांतर मागणे म्हणजे लाड पुरवून घेणे नव्हे, हे न्यायालयाला पटले होते.

हितसंबंधाचेही बोलले पाहिजे. कोराडीत ज्याच्या घरची चूल केंद्रातल्या कंत्राटी कामावर पेटते त्याला प्रदूषणाच्या बातमीवर विश्वास ठेवणे जड जाते, आणि ज्याची जमीन गेली पण नोकरी मिळाली नाही अशा प्रकल्पग्रस्ताला केंद्राची प्रत्येक चांगली बातमी खोटी वाटते. हे खरे आहे. पण हे मानवी आहे, खेड्याचे खास वैशिष्ट्य नाही. आपल्या पक्षाची, आपल्या जातीची, आपल्या कंपनीच्या शेअरची बातमी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्येही याच डोळ्यांनी वाचली जाते.

शिकलेले लोक चांगले पारखतात, हे गृहीतक तर मुळातच तपासायला हवे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता एका दिवसात देशभर पसरली. तेव्हा खिशात मोबाइल नव्हते. घरचे फोन, एसटीडी बूथ आणि दूरचित्रवाणी एवढीच साधने होती. देवळांपुढच्या रांगांत डॉक्टर होते, प्राध्यापक होते, बँकेतले अधिकारी होते. पृष्ठताण आणि केशाकर्षण हे शब्द त्यांच्यापैकी अनेकांनी दहावीच्या पुस्तकात वाचलेले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून कोरोना होतो या संदेशाने महाराष्ट्रातले पोल्ट्रीवाले बुडवले. चिकनकडे पाठ फिरवणारी गिऱ्हाइके शहरांतही होती, चांगली शिकलेली होती. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, एका पोल्ट्रीवाल्याने हजारो जिवंत पिल्ले खड्ड्यात पुरली. त्या संदेशावर ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्या पदव्या मोजल्या असत्या तर हा वाद तिथेच मिटला असता.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी एक प्रयोग केला. दहा पीएचडीधारक इतिहासकार, दहा व्यावसायिक तथ्य-पडताळणी करणारे आणि विद्यापीठातले २५ विद्यार्थी यांच्यासमोर काही संकेतस्थळे ठेवली आणि विश्वासार्ह कोणते ते विचारले. कागदपत्रांची चिकित्सा हा ज्यांचा पेशा, ते इतिहासकारही सफाईदार मांडणी आणि भारदस्त नाव पाहून अनेकदा चकले. तथ्य-पडताळणीवाले चकले नाहीत, कारण ते त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. पान उघडताच ते बाहेर पडले आणि या संस्थेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते पाहून आले. म्हणजे मजकूर बारकाईने वाचणे हे कौशल्य इथे कामी आले नाही. सांगणाऱ्याची चौकशी दुसरीकडे करणे कामी आले. पानठेल्यावरचा माणूस ‘हे सांगतं कोण?’ असे विचारतो तेव्हा तो त्या इतिहासकारांपेक्षा योग्य जागी बोट ठेवत असतो.

शिकवून फरक पडतो का, हेही आपल्याच देशात तपासले गेले आहे. सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात बिहारमधल्या गया इथे सुमारे १,२०० लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर प्रशिक्षण दिले. खोट्या बातम्या ओळखण्यात एकूण फरक पडला नाही. पुढे त्यांनी सहकाऱ्यांसह बिहारमध्येच तेरा हजारांहून अधिक शाळकरी मुलामुलींसाठी काही आठवडे चालणारे वर्ग गावच्या ग्रंथालयांत घेतले. तिथे फरक पडला, आणि काही महिन्यांनी तपासले तेव्हाही तो टिकून होता. एका तासाचे व्याख्यान देऊन ‘जनजागृती झाली’ असे वृत्त छापणाऱ्या सगळ्यांनी हे दोन निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

आता माझ्या विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो आकडेवारीचा नाही, रक्ताचा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारण्यात आले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले होते. भिक्षा मागत फिरणारी माणसे. त्या वर्षी देशभर जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक तर पाकिस्तानातल्या कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातपटाचा कापलेला तुकडा होता. लोकांना कळते म्हणता, मग हे काय होते? असा प्रश्न मला विचारला जाईल, आणि विचारला पाहिजे.

माझे उत्तर असे की राईनपाड्यात पारख नव्हती असे नाही. तीच पारख उलटी चालली. सांगणारा कोण, तर आपलाच नातेवाईक, आपल्याच गावचा. डोळ्यांसमोर काय, तर पाच अनोळखी माणसे आणि एक लहान मूल. आधीचा अनुभव काय, तर भटक्यांविषयी पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला संशय. हे सगळे एकमेकांना जुळले आणि खोटे खरे ठरले. त्या जमावाला मी निर्दोष मानत नाही. हात उगारणारा प्रत्येक जण गुन्हेगार होता आणि माहिती खोटी होती ही सबब त्याला मिळता कामा नये; माहिती खरी असती तरी मारण्याचा अधिकार कोणाला नव्हता. पण त्या संशयाचे मूळ मोबाइलमध्ये नव्हते. ज्या समाजाने भटक्यांना गावाबाहेर पालात ठेवले, त्यांच्याशी ओळखच होऊ दिली नाही, त्या समाजात अनोळखी माणूस चोर ठरायला एक व्हिडिओ पुरतो. यावर ‘फॉरवर्ड करू नका’ हा सल्ला अगदीच तोकडा आहे. व्हॉट्सअॅपने त्याच जुलैत भारतात एक संदेश पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. बरे केले. संशयाला मात्र अशी मर्यादा घालता येत नाही.

त्याच दिवशी मालेगावातही हीच अफवा पेटली होती. तिथे जमावाच्या तावडीत सापडलेल्या, एका लहानग्यासह पाच जणांना काही स्थानिकांनी आसरा दिला आणि पोलिसांनी बाहेर काढले. अफवा तीच, दिवस तोच. एका ठिकाणी मधे उभे राहणारे निघाले आणि ते ऐकले गेले. म्हणून मी म्हणतो की जनतेची अक्कल काढण्यापेक्षा, मधे उभा राहून ‘थांबा, मी चौकशी करतो’ म्हणणारा विश्वासाचा माणूस गावोगावी आहे का, हे शोधणे अधिक उपयोगाचे आहे. पोलीस पाटील, शिक्षक, आशा सेविका, वार्ताहर यांच्यापैकी कोणाचा तरी शब्द चालला पाहिजे. तो शब्द चालण्यासाठी त्याने आधी शंभर वेळा खरे सांगितलेले असावे लागते.

अफवांचा जन्म मोबाइलमध्ये झाला, हा गैरसमजही इथेच सोडून देऊ. ऑक्टोबर १८९६ मध्ये, प्लेगच्या काळात, मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात नेतात ते मारायला, शरीरातून औषध काढायला, अशी वदंता होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांना जमावाने मारले, तेव्हाही मुले चोरणाऱ्या, किडन्या काढणाऱ्या टोळ्या फिरतात हीच भीती पसरलेली होती. दोन्ही वेळा साथ होती, निर्बंध होते, आणि सरकार लोकांशी हुकुमाच्या भाषेत बोलत होते. १८९६ च्या कामगाराला डॉक्टर परका होता, कारण डॉक्टर शिपाई घेऊन दारात येत असे. भीतीच्या काळात ज्याने कधी विश्वासाने बोलणे केले नाही, त्याचे खरेही खोटे वाटते.

गडचिंचल्यानंतर दुसरी खोटी लाट आली. मारणारे अमुक धर्माचे होते, असे सांगणारे संदेश देशभर फिरले. तेव्हाचे गृहमंत्री, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलचे अनिल देशमुख, यांनी आठवड्याच्या आत अटक झालेल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली आणि त्यात एकही मुसलमान नाही हे सांगितले. आरोप सिद्ध होण्याआधी नावे उघड करणे योग्य होते का, याविषयी माझ्या मनात शंका आहे. पण हा प्रसंग एक गोष्ट दाखवतो. सरकारने ‘ही बातमी खोटी आहे’ असा नुसता शिक्का मारला नाही. माहिती समोर ठेवली. ज्याला तपासायचे होते त्याला तपासता आले.

नागपूरच्या १७ मार्च २०२५ च्या दंगलीतही हेच पाहायला हवे. औरंगजेबाच्या कबरीविरोधी आंदोलनात दिवसा प्रतिकृती जाळली गेली. तिच्यावरच्या कापडावर धार्मिक मजकूर होता ही अफवा पसरली आणि संध्याकाळनंतर महाल, हंसापुरी भागांत दगडफेक व जाळपोळ झाली, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. मधे काही तास होते. त्या तासांत कापड काय होते, त्यावर काय होते, हे सांगणारी, दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी एक व्यक्ती, एक संस्था, एक वर्तमानपत्र या शहरात का नव्हते? हा प्रश्न जमावाच्या शिक्षणाचा नाही. तो शहरातल्या आपल्या सगळ्यांच्या विश्वासार्हतेचा आहे.

वर्तमानपत्रांची पत कशी गेली, हे वर्तमानपत्रांनी लोकांना विचारू नये. त्यांना ते माहीत आहे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मोठ्या मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर शब्दशः सारखा छापून आला. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून ते उघडकीस आणले. चव्हाण यांनी पैसे दिल्याचा आरोप नाकारला आणि पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्धचा निवडणूक आयोगाचा आदेश रद्द केला. तेव्हा त्या प्रकरणात कोणी पैसे मोजले हे मी म्हणणार नाही. पण तीन संपादकीय विभागांना एकच मजकूर, एकाच शब्दांत, स्वतंत्रपणे सुचला यावर कोणत्या वाचकाने विश्वास ठेवायचा? प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने २०१० मध्ये पेड न्यूजवर नावानिशी अहवाल तयार केला. कौन्सिलने तो पूर्ण स्वरूपात बाहेर काढला नाही. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. बातमीच्या विश्वासार्हतेवरचा अहवालच दाबून ठेवणाऱ्यांनी वाचकाला विश्वास शिकवावा, हे मला मान्य नाही.

आणि आता त्या दुसऱ्या उपायाकडे, वरून ठरवण्याच्या. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती केली. केंद्राच्या कारभाराविषयी इंटरनेटवर जे लिहिले जाईल त्यात बनावट, खोटे किंवा दिशाभूल करणारे काय, हे सरकारनेच नेमलेला कक्ष ठरवणार होता. कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ३१ जानेवारी २०२४ रोजी न्या. गौतम पटेल आणि न्या. नीला गोखले यांचे मत विभागले. तिसरे न्यायाधीश म्हणून न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे प्रकरण गेले. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला. नागरिकाला फक्त सरकारने खरे ठरवलेलीच माहिती मिळावी ही राज्याची जबाबदारी नाही, आणि ‘बनावट, खोटे, दिशाभूल करणारे’ हे शब्द इतके मोघम आहेत की त्यांच्या आधारे कोणाचेही तोंड बंद करता येईल, असा त्याचा आशय. मला हा निर्णय पूर्णपणे पटतो. ज्याच्या कारभाराची बातमी आहे त्यालाच ती खरी की खोटी हे ठरवू देणे म्हणजे कोराडीची हवा कशी आहे हे एकट्या चिमणीच्या मालकाला ठरवू देणे होय. सरकारने खुलासा करावा, कागद दाखवावेत, आकडे द्यावेत. निकाल वाचक देईल.

वाचकाकडूनही माझी अपेक्षा आहे, आणि ती मी लपवत नाही. जवळच्या गोष्टीसाठी आपली नजर वापरा. दूरच्या गोष्टीसाठी आपली नजर चालत नाही हे मान्य करा आणि निदान एका वेगळ्या ठिकाणी विचारा. तोच संदेश पाच ग्रुपवर आला की तो खरा वाटू लागतो. पुन्हा पुन्हा ऐकलेले विधान माणसाला अधिक खरे वाटते हे १९७७ मध्येच मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. ते पाच साक्षीदार नसतात, एकाच माणसाचे पाच आवाज असतात. पहिल्या तासातला आकडा कच्चा असतो. ९ ऑगस्ट २०२५ च्या रात्री कोराडीच्या महालक्ष्मी जगदंबा मंदिराच्या बांधकाम सुरू असलेल्या प्रवेशद्वाराचा स्लॅब कोसळून मजूर जखमी झाले, तेव्हा पहिल्या बातम्यांत जखमींचा आकडा सारखा नव्हता. त्यात कोणाचा कट नव्हता. अंधारात, ढिगाऱ्यापाशी, रुग्णवाहिकांच्या धावपळीत मोजणी तशीच होते. अशा वेळी पुढे पाठवण्याऐवजी सकाळपर्यंत थांबणे एवढे प्रत्येकाला जमते.

पण वाचकावरचे हे ओझे न्याय्य तेव्हाच ठरते, जेव्हा समोरचा आपले काम करतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ सांगते की सार्वजनिक संस्थांनी माहिती स्वतःहून, कोणी मागण्याची वाट न पाहता द्यावी, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा. वीस वर्षे हा कायदा आहे. महानिर्मिती ही सरकारी कंपनी आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ सरकारी आहे, ग्रामपंचायत तर आपलीच आहे. चिमणीचे आणि गावातल्या हवेचे तासातासाचे आकडे, सरासरीसोबत दिवसातला सगळ्यात वाईट तासही, मराठीत, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागले पाहिजेत. बंधाऱ्यांची पाहणी कोणी केली, केव्हा केली आणि काय लिहिले, तेही पावसाळ्यापूर्वी लागले पाहिजे. नागपूरच्या दैनिकांनी चूक पहिल्या पानावर केली असेल तर दुरुस्तीही पहिल्या पानावर छापली पाहिजे.

कोराडीच्या आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच आहे. पुढची जनसुनावणी जेव्हा लागेल तेव्हा बाजूने बोला किंवा विरोधात बोला, ते तुमचे तुम्ही ठरवा. पण माइक हातात आल्यावर पहिला प्रश्न हा विचारा की पूर्ण अहवाल मराठीत कुठे आहे, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.